दंतस्वच्छतेचे शिक्षण आणि पदवीचा प्रश्न : अमेरिकेतील डेंटल हायजिनिस्ट व्यवसायाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासात वैद्याला जेवढे स्थान मिळाले तेवढे त्याच्या साहाय्यकाला मिळाले नाही. परिचारिकेच्या शिक्षणावर थोडेबहुत लेखन झाले. त्यामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या व्यक्तिमत्त्वाचे वलय होते. दंतवैद्यकाच्या शेजारी उभ्या राहिलेल्या डेंटल हायजिनिस्ट या व्यवसायाच्या वाट्याला मात्र असे वलय आले नाही. दातांवरील कीटण खरवडून काढणे, दात घासून गुळगुळीत करणे, हिरड्यांची तपासणी करणे आणि रुग्णाला मुखस्वच्छतेचे धडे देणे हे या व्यवसायाचे मूळ काम होय. वरवर पाहता ते किरकोळ वाटते. परंतु हे काम कोणी करावे, त्यासाठी किती वर्षे शिकावे, ते शिक्षण विद्यापीठात व्हावे की दवाखान्यात, आणि शिकलेल्या व्यक्तीने कोणाच्या देखरेखीखाली काम करावे, या प्रश्नांवर अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे. त्या वादाच्या केंद्रस्थानी पदवी आहे.

प्रस्तुत निबंधात या पदवीच्या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. एखादा व्यवसाय विद्यापीठीय पदवीची मागणी करतो तेव्हा त्याला केवळ अधिक ज्ञान हवे असते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. पदवी ही विद्वत्तेची पावती असते, तशीच ती दारावरची राखणदारही असते, हे महाविद्यालयीन अध्यापकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. अमेरिकेतील हायजिनिस्टांच्या बाबतीत तर पदवी आणि स्वतंत्रपणे काम करण्याची मुभा या दोन गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्या की एकीचा विचार दुसरीला वगळून करता येत नाही.

पार्श्वभूमी : रोग बरा करणे आणि रोग होऊ न देणे

एकोणिसाव्या शतकातील दंतवैद्यक मुख्यतः दुरुस्तीचे शास्त्र होते. किडलेला दात कोरून भरणे, तो वाचत नसेल तर उपटणे आणि त्या जागी कृत्रिम दात बसवणे एवढ्यात दंतवैद्याचे कार्य सामावलेले असे. १८४० साली बाल्टिमोर येथे जगातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय निघाले, त्याच्या अभ्यासक्रमाचा रोखही हाच होता. १८९० साली विलोबी मिलर या बर्लिनमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन संशोधकाचा मुखातील सूक्ष्मजंतूंवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तोंडात साचणाऱ्या पिष्टमय व शर्करायुक्त अन्नकणांवर जंतूंची क्रिया होऊन आम्ल तयार होते आणि ते दाताचे कवच विरघळवते, अशी त्यांची मांडणी होती. दंतक्षय हा दैवाचा किंवा वयाचा भाग नसून ती एक प्रक्रिया आहे आणि प्रक्रिया असल्यामुळे ती रोखता येते, असा या मांडणीचा सरळ अर्थ निघत होता.

हा अर्थ व्यवहारात उतरवणाऱ्यांत फिलाडेल्फियाचे डॉ. डी. डी. स्मिथ अग्रणी होते. रुग्णाने ठराविक काळाने दवाखान्यात यावे, त्याचे सर्व दात काळजीपूर्वक साफ केले जावेत, म्हणजे रोगाला जागाच उरणार नाही, असे ते सांगत. परंतु यात एक व्यावहारिक अडचण होती. एकेका रुग्णाचे सर्व दात साफ करण्यात दंतवैद्याचा बराच वेळ जाई आणि तेवढ्याच वेळात दात भरण्याचे वा कवळी बसवण्याचे अधिक मोबदल्याचे काम होऊ शके. मग हे काम दुसऱ्या कोणाला, विशेषतः स्त्रियांना, शिकवावे हा विचार पुढे आला. सिनसिनाटीचे डॉ. सायरस राइट यांनी १९०२ साली दंतवैद्यकात अशी एक उपशाखा निर्माण करावी असे सुचवले होते.

म्हणजे या व्यवसायाच्या जन्मामागे दोन प्रेरणा होत्या. रोगप्रतिबंधाचा ध्येयवाद ही एक आणि दंतवैद्याच्या वेळेची बचत ही दुसरी. पुढील सर्व इतिहासात या दोन प्रेरणा एकमेकींशी झगडताना दिसतात. ज्याला प्रतिबंध महत्त्वाचा वाटला त्याने अधिक शिक्षणाचा आग्रह धरला. ज्याला वेळेची बचत महत्त्वाची वाटली त्याला कमी शिकलेली, कमी वेतनाची आणि सांगेल तेवढेच करणारी मदतनीस पुरेशी होती.

ब्रिजपोर्टचा प्रयोग

कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट हे कारखान्यांचे शहर. तेथील डॉ. आल्फ्रेड सिव्हिलियन फोन्स (१८६९–१९३८) हे न्यूयॉर्कच्या दंतवैद्यक महाविद्यालयाचे १८९०चे पदवीधर. त्यांचे वडीलही दंतवैद्य होते आणि काही काळ ब्रिजपोर्टचे महापौर होते. स्मिथ यांच्या विचारांनी प्रभावित होऊन फोन्स यांनी आपल्या दवाखान्यात नियमित दंतस्वच्छतेची पद्धत सुरू केली आणि त्यांनाही वेळेच्या त्याच अडचणीला तोंड द्यावे लागले. तेव्हा त्यांनी आपल्या दवाखान्यात साहाय्यक म्हणून काम करणाऱ्या आयरीन न्यूमन या आपल्या नातेवाईक स्त्रीला हे काम शिकवण्याचे ठरवले. उपटलेले दात साच्यात बसवून त्यांवर तिचा हात बसवून घेण्यात आला आणि १९०६ साली ती रुग्णांचे दात साफ करू लागली. तोंडात हात घालण्याचे काम दंतवैद्याशिवाय अन्य कोणी, त्यातही एका स्त्रीने करावे, ही गोष्ट त्या काळी धाडसाची होती.

कायद्याची बाजू फोन्स यांनी लगोलग सावरली. १९०७ साली कनेक्टिकटच्या दंतवैद्यक कायद्यात दुरुस्ती होऊन परवाना नसलेल्या साहाय्यकांना दंतोपचार करण्यास मनाई झाली, मात्र दात साफ करण्याचे काम त्यांच्यासाठी मोकळे ठेवण्यात आले. एका लहानशा अपवादातून एका व्यवसायाला पाय रोवण्यापुरती जागा मिळाली.

ही जागा इतरत्र सहज मिळाली नाही, हे ओहायोच्या उदाहरणावरून दिसून येते. सिनसिनाटी येथील ओहायो कॉलेज ऑफ डेंटल सर्जरी या संस्थेने १९१० सालीच दंतवैद्याच्या साहाय्यक स्त्रियांसाठी अभ्यासक्रम सुरू केला होता. परंतु राज्यातील दंतवैद्यांनी त्यास कडाडून विरोध केला, शिकलेल्या स्त्रियांना दात साफ करण्याची कायदेशीर मुभा मिळू शकली नाही आणि काही वर्षांतच तो अभ्यासक्रम बंद पडला. महाविद्यालय होते, अभ्यासक्रम होता, विद्यार्थिनी होत्या. कायदा तेवढा नव्हता. ब्रिजपोर्टमध्ये नेमके उलट होते. तेथे कायद्यात फट होती आणि महाविद्यालय नव्हते. शिक्षणाच्या इतिहासात संस्थांना जेवढे श्रेय दिले जाते तेवढे कायद्यातील अशा फटींना दिले जात नाही.

१७ नोव्हेंबर १९१३ रोजी फोन्स यांनी दवाखान्याशेजारच्या गाडीखान्यात आपले विद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत तिसाहून थोड्या अधिक स्त्रिया होत्या. त्यांत शाळाशिक्षिका होत्या, प्रशिक्षित परिचारिका होत्या, दंतवैद्यांच्या अनुभवी साहाय्यक होत्या आणि काही दंतवैद्यांच्या पत्नीही होत्या. फोन्स यांनी अध्यापनासाठी नामांकित विद्यापीठांतील प्राध्यापकांना पाचारण केले. हार्वर्ड, येल व पेनसिल्व्हेनिया येथील विद्वानांनी त्या गाडीखान्यात येऊन शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजंतुशास्त्र इत्यादी विषयांवर व्याख्याने दिली. १९१४च्या जूनमध्ये २७ स्त्रिया अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडल्या. विद्यालयाच्या अशा एकूण तीनच तुकड्या निघाल्या आणि त्यांतून सत्त्याण्णव स्त्रिया तयार झाल्या. विद्यापीठांनी हे काम हाती घेतल्यावर फोन्स यांनी आपले विद्यालय थांबवले.

येथे नावाचा प्रश्नही विचारात घेण्याजोगा आहे. तोवर ‘डेंटल नर्स’ हा शब्द रूढ होत होता. फोन्स यांना तो मान्य नव्हता. नर्स म्हटले की लोकांच्या मनात आजारपण येते आणि आपल्या विद्यार्थिनींचा संबंध तर आरोग्याशी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून त्यांनी ‘डेंटल हायजिनिस्ट’ हे नाव योजले. हे नाव आरोग्यशास्त्राशी नाते सांगते. रुग्णाच्या खाटेपेक्षा शाळेच्या वर्गाकडे ते अधिक पाहते. फोन्स यांच्या कल्पनेतील हायजिनिस्ट खरोखरच शाळेत काम करणारी होती. ब्रिजपोर्टच्या नगरशाळांमध्ये या पदवीधर नव्हे, प्रमाणपत्रधारक स्त्रियांची नेमणूक झाली. त्या मुलांचे दात साफ करीत, वर्गात ब्रश धरण्याचे सामुदायिक धडे देत आणि पालकांशी बोलत. काही वर्षांनी फोन्स यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत मुलांमधील दंतक्षय मोठ्या प्रमाणात घटल्याचे दाखवले आहे. कार्यक्रम राबवणाऱ्यानेच गोळा केलेले ते आकडे आजच्या संशोधनाच्या कसोटीवर जसेच्या तसे स्वीकारता येणार नाहीत. परंतु त्यांचा समकालीनांवर प्रभाव पडला, ही बाब इतिहासकाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१९१५ साली कनेक्टिकटने हायजिनिस्टांना परवाना देण्याचा कायदा केला आणि १९१७ साली आयरीन न्यूमन यांना पहिला परवाना मिळाला. या कायद्यात हायजिनिस्टने काय करावे व काय करू नये हे सांगितले होते आणि तिने दंतवैद्याच्या सर्वसाधारण देखरेखीखाली काम करावे असेही म्हटले होते. देखरेखीचे हे कलम पुढील शतकभराच्या वादाचे बीज ठरले.

विद्यापीठाच्या अंगणात

ब्रिजपोर्टचे उदाहरण लवकरच इतरत्र गिरवले गेले. १९१६ साली न्यूयॉर्क शहरात कोलंबिया विद्यापीठाच्या आश्रयाने, रॉचेस्टर येथे कोडॅक कंपनीचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या दंत रुग्णालयात आणि बॉस्टनच्या फोर्सिथ दंत रुग्णालयात हायजिनिस्टांचे शिक्षण सुरू झाले. मिनेसोटा विद्यापीठाने १९१९ मध्ये आणि मिशिगन विद्यापीठाने १९२१ मध्ये असे अभ्यासक्रम आणले. १९२३ साली अमेरिकन डेंटल हायजिनिस्ट्स असोसिएशन ही राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

परंतु विद्यापीठाच्या आवारात असणे आणि विद्यापीठाची पदवी मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सुरुवातीचे बहुतेक अभ्यासक्रम एक वर्षाचे होते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळत असे. विद्यार्थिनी त्याच इमारतीत शिकत, काही वेळा त्याच प्राध्यापकांकडून शिकत, पण पदवीदान समारंभात त्यांचे स्थान शेवटच्या रांगेत असे. याच सुमारास दंतवैद्य स्वतः आपल्या शास्त्राला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी झटत होते. कार्नेगी प्रतिष्ठानासाठी विल्यम गाइस यांनी तयार केलेला १९२६चा अहवाल त्या प्रयत्नांचा कळस मानला जातो. दंतवैद्यकाचे शिक्षण वैद्यकाच्या तोडीचे व विद्यापीठाचा अविभाज्य भाग असावे, असा त्याचा आग्रह होता. स्वतःच्या व्यवसायासाठी ज्यांनी ही लढाई लढली त्यांना शेजारच्या व्यवसायाची तीच मागणी मात्र अवाजवी वाटत राहिली, हा विरोधाभास नोंदवण्यासारखा आहे.

एस्थर विल्किन्स (१९१६–२०१६) यांच्या जीवनक्रमावरून त्या काळातील स्थिती अधिक स्पष्ट होते. त्यांनी १९३८ साली बॉस्टनच्या सिमन्स महाविद्यालयातून विज्ञानाची पदवी घेतली आणि त्यानंतर १९३९ साली फोर्सिथमधून हायजिनिस्टचा अभ्यासक्रम पूर्ण केला. म्हणजे त्या पदवीधर होत्या, पण त्यांच्या व्यवसायाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पुढे त्यांनी टफ्ट्स येथून दंतवैद्यकाची पदवी मिळवली. १९५० साली सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हायजिनिस्ट शिक्षणाचा विभाग उभारण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. शिकवण्यास पुरेसे पाठ्यपुस्तक नसल्यामुळे त्यांनी विद्यार्थिनींसाठी टिपणे तयार केली. त्या टिपणांचाच विस्तार होऊन १९५९ साली त्यांचे ‘क्लिनिकल प्रॅक्टिस ऑफ द डेंटल हायजिनिस्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. नव्या आवृत्त्या निघत हे पुस्तक या शिक्षणाचा आधारग्रंथ झाले. एखाद्या ज्ञानशाखेला स्वतःचे पाठ्यपुस्तक मिळणे ही पदवीइतकीच महत्त्वाची घटना असते. फोन्स यांचे १९१६चे पुस्तक दंतवैद्य व अन्य तज्ज्ञांच्या लेखनातून सिद्ध झाले होते, तर विल्किन्स यांचे पुस्तक स्वतः हायजिनिस्ट असलेल्या लेखिकेचे होते.

१९४७ साली या अभ्यासक्रमांसाठी किमान दोन वर्षांचा कालावधी मान्य झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास काही विद्यापीठांत चार वर्षांची पदवीही मिळू लागली होती. तिचा सर्वसाधारण साचा असा : पहिली दोन वर्षे रसायन, शरीररचना, सूक्ष्मजंतुशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, भाषा व संभाषण, नंतरची दोन वर्षे दंतरचना, हिरड्यांचे रोग, क्ष-किरण चित्रण, औषधशास्त्र आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष काम. १९६२ पासून राष्ट्रीय पातळीवरील लेखी परीक्षा सुरू झाली. हा व्यवसाय तोवर पूर्णपणे स्त्रियांचा होता. पहिला पुरुष हायजिनिस्ट १९६५ साली न्यू मेक्सिको विद्यापीठातून बाहेर पडला.

दोन वर्षे की चार वर्षे?

या टप्प्यावर चार वर्षांची पदवी हळूहळू सर्वत्र रुजेल असे कोणासही वाटले असते. परिचारिकांच्या क्षेत्रात आणि शिक्षणशास्त्रात वारे त्याच दिशेने वाहत होते. घडले मात्र वेगळेच. १९६०च्या दशकात अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजांचे जाळे झपाट्याने पसरले. स्थानिक करांवर चालणारी, कमी शुल्काची, नोकरी करणाऱ्यांना व प्रौढांना सामावून घेणारी ही दोन वर्षांची महाविद्यालये होत. १९६६ साली संघराज्य सरकारने वैद्यकाला पूरक असणाऱ्या व्यवसायांच्या प्रशिक्षणासाठी निधी देणारा कायदा केला. त्यातून हायजिनिस्ट शिक्षणाचे अनेक नवे अभ्यासक्रम निघाले आणि त्यांतील बहुसंख्य या कम्युनिटी कॉलेजांत निघाले. त्यांतून मिळणारी असोसिएट पदवी हीच व्यवसायात प्रवेशाची नेहमीची वाट झाली. आज अमेरिकेत तीनशेहून अधिक अभ्यासक्रम आहेत व त्यांतील बहुतांश याच प्रकारचे आहेत. नावाला ते दोन वर्षांचे. परंतु प्रवेशापूर्वी पूर्ण करावयाचे विज्ञान विषय धरले तर विद्यार्थ्याची तीन वर्षे सहज जातात. तीन वर्षांचे श्रम आणि दोन वर्षांची पदवी, ही तक्रार या क्षेत्रात नित्य ऐकू येते व ती रास्त आहे.

१९८६ साली राष्ट्रीय संघटनेने चार वर्षांची पदवी ही भविष्यात व्यवसायप्रवेशाची किमान अट असावी, असे आपले धोरण जाहीर केले. त्यानंतर चार दशके उलटत आली तरी ती अट कोठेही सार्वत्रिक झालेली नाही. उलट अलाबामा राज्यात दंतवैद्याच्या दवाखान्यात नोकरी करीत शिकून परवाना मिळवण्याची वाट टिकून राहिली. १९०६ साली आयरीन न्यूमन ज्या रीतीने शिकल्या त्याच रीतीचे हे सुधारलेले रूप म्हणता येईल.

पदवीच्या विरोधातील युक्तिवाद केवळ दंतवैद्यांच्या स्वार्थाचा होता असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. कम्युनिटी कॉलेजांतून येणाऱ्या अनेक विद्यार्थिनी अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील असतात. त्यांतील काहींच्या घरी उच्च शिक्षण घेणारी ही पहिलीच पिढी असते. दोन वर्षांत परवाना आणि स्थिर वेतन मिळवून देणारे क्षेत्र म्हणून त्या येथे येतात. चार वर्षांची अट घातली तर शुल्क वाढेल, कर्ज वाढेल आणि दारे बंद होतील ती प्रथम याच मुलींसाठी. दवाखान्यातील दैनंदिन कामात पदवीधर आणि असोसिएट यांच्यात वेतनाचा फारसा फरक पडत नाही, हेही खरे. मग वरची दोन वर्षे कशासाठी, हा त्या विद्यार्थिनीचा प्रश्न कोणत्याही अधिष्ठात्याने गंभीरपणे घ्यावा असा आहे.

त्याचे एक उत्तर अध्यापनात सापडते. हायजिनिस्टने आपल्याच विषयाची अध्यापिका व्हावयाचे असेल, सार्वजनिक आरोग्य विभागात कार्यक्रम आखावयाचा असेल, संशोधन करावयाचे असेल किंवा पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे असेल तर चार वर्षांच्या पदवीवाचून पर्याय नाही. म्हणूनच ‘पदवीपूर्ती’ अभ्यासक्रमांची सोय झाली. असोसिएट पदवी घेऊन कामाला लागलेली व्यक्ती पूर्वीचे श्रेयांक जमेस धरून उरलेला भाग, पुष्कळदा नोकरी सांभाळून व दूरस्थ पद्धतीने, पूर्ण करते. इंटरनेटच्या प्रसारानंतर ही वाट विशेष रुंदावली. श्रेयांक स्वीकारण्याबाबत विद्यापीठागणिक नियम वेगळे असल्यामुळे एका महाविद्यालयात शिकलेला विषय दुसरीकडे पुन्हा शिकावा लागण्याचे प्रसंगही येतात. हे दुखणे अमेरिकेपुरते मर्यादित नाही.

पदवी आणि देखरेख

दुसरे उत्तर अधिक मूलगामी आहे व ते कायद्यात सापडते. १९१५च्या कायद्यातील देखरेखीचे कलम राज्याराज्यांत निरनिराळ्या कडकपणाने रुजले होते. काही ठिकाणी दंतवैद्य इमारतीत हजर असल्याशिवाय हायजिनिस्टला रुग्णाच्या तोंडाला हात लावता येत नसे. परिणामी जेथे दंतवैद्य नाही तेथे हायजिनिस्टही नाही, अशी स्थिती झाली. वृद्धाश्रम, दुर्गम खेडी, गरीब वस्त्यांतील शाळा ही नेमकी अशीच ठिकाणे होती. फोन्स यांनी ज्या शाळेसाठी हा व्यवसाय घडवला त्या शाळेतूनच कायद्याने तो बाहेर काढला होता.

१९८६ साली कोलोरॅडोने ही चौकट मोडली आणि हायजिनिस्टला देखरेखीशिवाय स्वतंत्र व्यवसाय करण्याची मुभा दिली. कॅलिफोर्नियातील वाटचाल अधिक बोधक आहे. तेथे १९८०च्या दशकात हायजिनिस्टांनी स्वतंत्रपणे काम करून पाहण्याचा एक प्रायोगिक प्रकल्प राज्याच्या परवानगीने हाती घेण्यात आला. दंतवैद्यांच्या संघटनेने त्यास विरोध केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. अखेर १९९७ साली कायदा संमत होऊन १९९८ पासून ‘पर्यायी व्यवसायातील नोंदणीकृत हायजिनिस्ट’ असा एक नवा परवाना अस्तित्वात आला. हा परवाना घेणाऱ्यास अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी, शाळांमध्ये, निवासी संस्थांमध्ये आणि दंतवैद्यांचा तुटवडा असलेल्या भागांत स्वतंत्रपणे काम करता येते. त्यासाठी घातलेल्या अटींत मागील तीन वर्षांत दोन हजार तासांचा अनुभव आणि १५० तासांचा विशेष अभ्यासक्रम यांबरोबरच चार वर्षांची पदवी किंवा तिच्या तोडीचे शिक्षण ही अट आहे.

या अटीचा अर्थ बारकाईने पाहण्याजोगा आहे. हायजिनिस्टच्या हातातील हत्यार तेच, काढावयाचे कीटण तेच. वृद्धाश्रमातील दात दवाखान्यातील दातांहून निराळे नसतात. मग पदवी कशाला? कारण तेथे शेजारच्या खोलीत दंतवैद्य नसतो. रुग्णाच्या औषधांचा हिरड्यांवर काय परिणाम झाला, ही सूज साधी की गंभीर, याला पुढे कोठे पाठवावे, हे तिलाच ठरवावे लागते. कायद्याने येथे असे गृहीत धरले आहे की हात दोन वर्षांत तयार होतो आणि स्वतंत्र निर्णय घेण्यास त्याहून अधिक काळ लागतो. दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येईल की विरोधकांशी झालेल्या तडजोडीत पदवी ही स्वातंत्र्याची किंमत म्हणून मोजली गेली. दोन्ही म्हणणी खरी असण्यास हरकत नाही. मिनेसोटाने २००९ साली ‘डेंटल थेरपिस्ट’ या नव्या मध्यम स्तराला मान्यता दिली तेव्हाही हेच सूत्र दिसले. दात भरण्यासारखी कामे करणाऱ्या या व्यक्तीसाठी किमान चार वर्षांची पदवी आणि त्यावरील प्रगत स्तरासाठी पदव्युत्तर पदवी अशी रचना तेथे करण्यात आली.

अन्य देशांनी हा गुंता आपापल्या परीने सोडवला. न्यूझीलंडने १९२१ पासूनच शाळांसाठी ‘डेंटल नर्स’ घडवल्या आणि त्यांना मुलांचे दात भरण्याचीही मुभा दिली. फोन्स यांना नको असलेल्या नावाने त्यांच्या कल्पनेपलीकडचे काम तेथे झाले. त्या परंपरेतून पुढे मुखआरोग्याची विद्यापीठीय पदवी निर्माण झाली व ओटागो विद्यापीठाने ती २००७ पासून सुरू केली. नेदरलँड्सने २००२ साली हायजिनिस्टचे शिक्षण चार वर्षांच्या पदवीत रूपांतरित करून सोबत कामाची कक्षाही वाढवली.

भारतीय संदर्भ

भारतात या इतिहासाचा एक धागा आरंभीच पोहोचू शकला असता. भारतीय दंतवैद्यकाचे जनक मानले जाणारे डॉ. रफीउद्दीन अहमद हे आयोवा विद्यापीठाचे १९१५चे पदवीधर. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ पर्यंत, ते बॉस्टनच्या फोर्सिथ रुग्णालयात काम करीत होते. त्याच रुग्णालयात १९१६ साली हायजिनिस्टांचे वर्ग सुरू झाले होते. स्वदेशी परतल्यावर १९२० साली त्यांनी कलकत्त्यात देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले. प्रशिक्षित दंतवैद्यच जेथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते तेथे प्रथम दंतवैद्य घडवणे क्रमप्राप्त होते.

१९४८च्या दंतवैद्य कायद्याने मात्र हायजिनिस्टची व्याख्या केली. दंतवैद्य अथवा वैद्यकीय व्यावसायिक नसलेली, परंतु दातांवरील कीटण काढणारी, दात स्वच्छ व गुळगुळीत करणारी किंवा दंतस्वच्छतेचे शिक्षण देणारी व्यक्ती, असा तिचा आशय होता. त्यांच्या नोंदणीसाठी राज्य पातळीवर स्वतंत्र नोंदवहीचीही तरतूद झाली. कनेक्टिकटमध्ये फटीतून शिरलेला व्यवसाय येथे कायद्याच्या राजमार्गाने आला, पण त्या मार्गावर वर्दळ झाली नाही. दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम काही मोजक्या संस्थांत चालू राहिला. देशात दंतवैद्यक महाविद्यालयांची संख्या वाढत तीनशेच्या घरात गेली आणि कीटण काढण्याचे काम तरुण बी.डी.एस. पदवीधरच अल्प वेतनावर करू लागले. महाराष्ट्रातील ग्रामीण भागात, जेथे मिश्री लावण्याच्या सवयीने स्त्रियांच्या हिरड्या व तोंडाचे आरोग्य पिढ्यान्‌पिढ्या बिघडले, तेथे शाळेत आणि बचतगटात जाऊन शिकवणारी फोन्स यांच्या कल्पनेतील हायजिनिस्ट खरोखर उपयोगी पडली असती. ती घडवणारी पदवी सोडाच, पदविकेचीही पुरेशी सोय झाली नाही. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत करून १९४८च्या कायद्याची जागा घेणारी नवी व्यवस्था आखली आहे.

दरम्यान हा इतिहास एका अनपेक्षित वळणाने भारतीयांपर्यंत पोहोचला आहे. अमेरिकेत दंतवैद्य म्हणून परवाना मिळवण्यासाठी परदेशी पदवीधरांना सामान्यतः तेथील महाविद्यालयात पुन्हा काही वर्षे महागडे शिक्षण घ्यावे लागते. फ्लोरिडा राज्याच्या कायद्यात मात्र परदेशी दंतवैद्यक पदवीधरांना हायजिनिस्टच्या परवाना परीक्षेस बसण्याची तरतूद आहे. त्यामुळे मुंबई, पुणे वा नागपूर येथे चार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण केलेला दंतवैद्य तेथे जी परीक्षा देतो, तीच परीक्षा शेजारच्या बाकावर बसलेली कम्युनिटी कॉलेजची विद्यार्थिनी दोन वर्षांच्या असोसिएट पदवीवर देत असते.